संगणक कुठे थांबला, ते आधी पाहा

१९ जुलै २०२४ रोजी भारतात सकाळचे पावणेदहा वाजत असताना जगभरचे विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. पुन्हा सुरू केले की पुन्हा तोच निळा पडदा. विमानतळांवरचे कामकाज कोलमडले. आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावे लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे या फेऱ्यात सापडली होती. दोष त्यांच्या रॅममध्ये नव्हता, हार्ड डिस्कमध्ये नव्हता आणि विंडोजमध्येही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरसाठी आलेली एक छोटी फाइल सदोष होती आणि विंडोज उभे राहण्याच्या अगदी सुरुवातीला ती वाचली जात होती. सेफ मोडमध्ये जाऊन ती एवढी एक फाइल काढली की यंत्र पूर्ववत चालू होत असे. फॉरमॅटची गरज नव्हती, नवा सुटा भागही लागत नव्हता. घरातला किंवा कचेरीतला डेस्कटॉप नीट सुरू होत नाही तेव्हाही हीच दृष्टी उपयोगी पडते. काय बदलायचे हा प्रश्न मागाहून विचारावा. सुरू होता होता यंत्र नेमके कुठे थांबले, हे आधी पाहावे.

हा आग्रह धरण्यामागे संगणकाच्या रचनेतलेच कारण आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर आपले नाव दिसेपर्यंत जे घडते ते ठरलेल्या क्रमाने घडते आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. कॅबिनेटवरचे बटण थेट वीज जोडत नाही, ते फक्त मागणी नोंदवते; कारण प्लग लावलेला असेपर्यंत बंद संगणकातही एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा चालू ठेवतो. मागणी आली की तो २३० व्होल्टच्या घरगुती विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे तयार करतो. ते स्थिरावले की सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या अवधीत ‘वीज ठीक आहे’ असा संकेत मदरबोर्डला देतो. तोपर्यंत प्रोसेसर अडवून ठेवलेला असतो. संकेत मिळाल्यावर तो एका ठरावीक पत्त्यावर जाऊन पहिली आज्ञा वाचतो. तिथे असतो मदरबोर्डवरच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम. १९८१ च्या आयबीएम पीसीत तो बायोस होता, आजच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा प्रोग्रॅम रॅम आणि ग्राफिक्स तपासतो, पडद्यावर कंपनीचे चिन्ह आणतो, डिस्क शोधतो आणि विंडोज किंवा लिनक्सच्या हाती सूत्रे देतो. त्यानंतर ड्रायव्हर चढतात आणि लॉगिनचा पडदा येतो.

क्रम असा पक्का असल्यामुळे थांबण्याची जागा हाच पुरावा ठरतो. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, अशा वेळी विंडोजला दोष देण्यात अर्थ नसतो; संशय भिंतीवरचा सॉकेट, स्पाइक बस्टर, केबल, एसएमपीएस आणि बटणाची वायर यांच्यावरच आधी जातो. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, तेव्हा रॅम, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मदरबोर्ड, मॉनिटर आणि त्याची केबल तपासायची. मदरबोर्डला स्पीकर जोडलेला असेल तर बीपचे आवाज मोजावेत आणि त्यांचा अर्थ त्या बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावा, कारण प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते. कंपनीचे चिन्ह दिसले की मॉनिटर, ग्राफिक्स, प्रोसेसर आणि निदान काही रॅम यांनी आपले काम केलेले असते. पुढे ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव यादीत आहे का, एवढे पाहावे. नाव नसेल तर केबल, पोर्ट किंवा डिस्क यांत काहीतरी बिघडले आहे. नाव असेल तर डिस्क निदान ओळखली जाते आहे, गडबड तिच्यातल्या मजकुरात किंवा बूटच्या सेटिंगमध्ये असण्याचा संभव जास्त. एका प्रश्नात संशयितांची यादी जवळपास निम्मी होते.

मदरबोर्डवरच्या ३ व्होल्टच्या सीआर २०३२ सेलचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. हा सेल संपला की प्लग काढल्यावर संगणकाचे घड्याळ मागे जाते आणि अनेक बोर्डांवर बायोसमधली सेटिंग कारखान्यातून आली तशी होतात. त्यांत डिस्कशी बोलण्याची पद्धत ठरवणारे एक सेटिंग असते. ते बदलले की काल चालणारे विंडोज आज सुरू होता होता निळ्या पडद्यावर अडकते, कारण ज्या पद्धतीने ते डिस्क वाचत होते ती पद्धतच पालटलेली असते. डिस्क धडधाकट असते, विंडोजही जसेच्या तसे असते. अशा वेळी कुणी ‘विंडोज उडाले, फॉरमॅट मारा’ म्हणाले तर सगळा डेटा पुसला जातो, संगणक चालूही होतो आणि फॉरमॅटमुळे सुधारला असा समज पक्का होतो. दोष मात्र त्या छोट्या सेलमध्ये तसाच राहतो. बायोसमध्ये दिसणारी जुनी तारीख कुणी पाहिली असती, तर हे टळले असते.

यावर एक रास्त आक्षेप येतो: लक्षणे फसवी असतात. अशक्त झालेला एसएमपीएस पंखे फिरवतो, चिन्हही आणतो आणि विंडोज चढताना भार वाढला की मान टाकतो. पाहणाऱ्याला वाटते की बिघाड विंडोजमध्येच आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सदोष कपॅसिटरमुळे असंख्य मदरबोर्ड निकामी झाले, तेही असेच हळूहळू. आक्षेप खरा आहे, कारण वीज ही एकच पायरी नाही, ती प्रत्येक पायरीला पुरी पडावी लागते. रॅमचेही तसेच. तरीही अशा दोषाची स्वतःची एक खूण असते: थांबण्याची जागा बदलत राहते. चार वेळा सुरू केल्यावर चारही वेळा एकाच ठिकाणी अडकले, तर त्याच पायरीवर लक्ष द्यावे. एकदा चिन्हावर, एकदा लॉगिनपाशी आणि एकदा मध्येच काळा पडदा, असे होत असेल तर वीज, रॅम किंवा उष्णता यांच्याकडे वळावे. रॅमची शंका पडताळायला १९९४ पासून मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम आहे. तो विंडोजशिवाय चालतो, म्हणून त्यात चूक दिसली तर विंडोजवरचा आळ पुष्कळसा दूर होतो. लक्षणे फसवतात म्हणून निरीक्षण सोडायचे नसते. ते एकदा करून न थांबता पुन्हा करायचे आणि लिहून ठेवायचे असते.

दुसरा आक्षेप दुरुस्ती करणाऱ्यांचा असतो: एवढा विचार करण्यापेक्षा चालू असलेला भाग लावून पाहिले की काम लवकर होते. अदलाबदल हा उत्तम प्रयोग आहे, पण एका वेळी एकच गोष्ट बदलली तर. रॅमची जुनी पट्टी काढून नवी बसवली आणि डिस्प्ले आला, तर बदलल्या दोन गोष्टी: पट्टी आणि तिची खाचेतली बैठक. दमट हवेने किंवा धुळीने संपर्क बिघडला असेल तर तीच जुनी पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यानेही काम झाले असते. म्हणून आधी जुना भाग पुन्हा बसवून पाहावा. मग प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि डिस्प्लेपुरते लागेल तेवढेच ठेवून यंत्र सुरू करावे आणि एकेक भाग परत जोडत जावे. ज्या भागाबरोबर बिघाड परतला, तो हाती लागतो. याला फार वेळ लागत नाही आणि ग्राहकाला विनाकारण नव्या भागाचे पैसे मोजावे लागत नाहीत.

तिसरे म्हणणे असे की, फॉरमॅटने बहुतेक वेळा भागते, मग आधी तेच का करू नये? कारण फॉरमॅट परत फिरवता येत नाही. त्यात डेटा जातो आणि बिघाडाचा पुरावाही जातो. डिस्क मरणपंथाला लागली असेल तर नव्याने विंडोज टाकण्याचा भार तिच्यावर पडतो. डिस्क स्वतःविषयी देत असलेल्या अहवालावर निर्धास्त राहता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी धोक्याच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणून पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने संगणक सुरू करून किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून आधी डेटा उतरवून घ्यावा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. जुलै २०२४ मध्ये कित्येक कचेऱ्यांची दुरुस्ती या किल्लीपायी रखडली. ती संगणकाबाहेर लिहून ठेवलेली असावी.

हे सगळे घरी करताना एक मर्यादा पाळलीच पाहिजे. एसएमपीएसचा डबा उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब प्लग काढल्यानंतरही काही काळ राहू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. बाकी भागांना हात लावण्याआधी प्लग काढावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज नाजूक चिपमध्ये उतरत नाही. याच्या पुढचे काम जाणकारावर सोपवण्यात कमीपणा नाही. मात्र त्याच्याकडे जाताना संगणक ‘बंद आहे’ एवढे सांगून थांबू नये. कुठपर्यंत येतो, दर वेळी तिथेच अडतो का, कोणता संदेश दिसतो आणि त्याआधी काय बदलले होते, हे सांगावे. संदेशाचा मोबाइलवर फोटो काढावा. एखादा भाग बदलायला हवा असे उत्तर आले तर ‘हे कशावरून ठरवले?’ असे विचारावे. हा प्रश्न अविश्वासाचा नाही. चांगल्या कारागिराकडे त्याचे उत्तर तयार असते. ज्याच्याकडे ते नसते, त्याच्या हाती आपल्या वर्षानुवर्षांच्या फाइली असलेली डिस्क देऊ नये.