घर विकणे आहे : किमतीपुढचे दोन शब्द

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचे वडिलार्जित घर विकण्याचे ठरले, तेव्हा जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. ओसरी, माजघर, परसातील विहीर सारे लिहून झाले; लेखणी अडली ती किमतीपाशी.

थोरल्या बंधूंच्या आग्रहावरून आम्ही लिहिले, 'किंमत ६५ लाख, एकच दर.' महिनाभर कोणी फिरकले नाही. मग कंटाळून लिहिले, 'त्वरित विकणे आहे, किंमत समक्ष.' आता माणसे पुष्कळ आली, पण बहुतेक दलाल! 'त्वरित' या शब्दात त्यांना आमची नड दिसली आणि आकडाच नसल्याने पहिला आकडा बोलण्याची संधी त्यांना मिळाली. एकाने तर चाळीस लाखच सांगितले. उलट, आपल्या ऐपतीबाहेर असेल या शंकेने संसारी ग्राहक दाराशी आलाच नाही.

तिसऱ्या वेळी आम्ही लिहिले, 'अपेक्षा ६५ लाख. घर पाहिल्यावर बोलता येईल.' आकड्याने अंदाज दिला, पुढच्या शब्दांनी संकोच घालविला. पंधरवड्यात तीन कुटुंबे घर पाहून गेली.

'अमुक रकमेखाली देणार नाही' असे लिहिणेही आम्ही टाळले. ग्राहक त्या तळालाच किंमत समजतो. कूर्गमधील मर्केरा, म्हणजे आजचे मडिकेरी, येथील एका घराच्या मालकाने 'दहा हजार रुपयांहून कमी घेणार नाही' असे कळविले होते. ग्राहकाने तेवढी रक्कम मान्य केली आणि सौदा पक्का झाला असे धरून दावा लावला. किमान किंमत सांगणे म्हणजे त्या किमतीस विकण्याचे वचन नव्हे, असा निर्णय १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. मालक जिंकला खरा. पण एका वाक्यापायी केवढी यातायात!

म्हणून वाचकहो, जाहिरातीपूर्वी भावंडांनी एकत्र बसावे. मागावयाची रक्कम छापावी, शेवटची रक्कम मनात ठेवावी. आणि दोन्ही आधीच एकमताने ठरवाव्यात.

आमचे घर ६२ लाखांस एका शिक्षक दांपत्याने घेतले. तीन लाखांची रुखरुख थोरल्या बंधूंना अजून आहे. मात्र परवा त्या बाजूने जाताना आईच्या तुळशीवृंदावनापाशी दिवा लागलेला दिसला, तेव्हा तेही क्षणभर थांबले.