सेझाँ : उरलेली साखर संपवणारी बियर

सेझाँ ही बेल्जियमच्या फ्रेंचभाषक वालोनिया प्रदेशातली, मुख्यतः फ्रान्सच्या सीमेला टेकलेल्या एनो प्रांतातली बियर. रंग फिकट सोनेरी ते नारिंगी, वर घट्ट पांढरा फेस, वास संत्र्याच्या सालीचा आणि मिरीचा. घोट गिळल्यावर तोंडात गोडवा जवळजवळ राहत नाही. हे वर्णन बहुतेक सेझाँना लागू पडते, सगळ्यांना नाही. या नावाने विकल्या जाणाऱ्या चार-पाच बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या तर त्यांतली एखादी तांबूस आणि गोडसर निघते, एखादी आंबट, तर एखादीत चक्क आले आणि मिरी घातलेली असते. त्यामुळे एकच बाटली पिऊन सेझाँ म्हणजे काय ते कळत नाही. ती इतरांच्या शेजारी ठेवून चाखावी लागते.

तिच्या जन्माची प्रचलित कथा शेतीशी जोडलेली आहे. हिवाळ्यात शेतात काम नसे, तेव्हा शेतकरी घरच्याच जव-गव्हाची बियर काढून पिपांत भरून ठेवत आणि उन्हाळ्यात कापणीला आलेल्या हंगामी मजुरांना ती प्यायला देत. थंडीत बियर काढण्याला व्यावहारिक कारण होते. शीतयंत्रे नसलेल्या काळात उन्हाळ्यातल्या हवेतले जंतू माल नासवून टाकत. शिवाय सुगीनंतर रिकाम्या हातांना काम मिळे आणि रस काढून उरलेला चोथा गुरांना घालता येई. उन्हातान्हात दिवसभर प्यायची म्हणून ही बियर हलकी असे. आजच्या सेझाँपेक्षा तिच्यात अल्कोहोल बरेच कमी होते.

कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. एकोणिसाव्या शतकात लिएजसारख्या शहरांतले व्यावसायिक उत्पादकही सेझाँ नावाची बियर काढून विकत होते. बेल्जियन ब्रूअर इव्हान द बेट्स यांनी फिल मार्कोव्स्की यांच्या ‘फार्महाउस एल्स’ (२००४) या पुस्तकात या बियरच्या इतिहासावर दीर्घ निबंध लिहिला आहे. जुन्या सेझाँ आजच्यासारख्या स्वच्छ चवीच्या नव्हत्या, त्या एक तर बऱ्याच आंबट असत किंवा हॉप्स या कडू फुलांमुळे बऱ्याच कडू, असे चित्र त्यातून उभे राहते. लाकडी पिपांत महिनोन्महिने राहिलेल्या पेयात यीस्टबरोबर जिवाणूही वाढणार, हे उघडच आहे. बाटलीवर शेतघराचे चित्र छापून ‘शेकडो वर्षांची परंपरा’ विकणाऱ्यांकडे म्हणूनच थोड्या सावधपणे पाहावे. आज प्रमाण मानली जाणारी चव विसाव्या शतकात घडली आहे, आणि ती घडवण्यात एका भट्टीचा वाटा मोठा आहे.

ही भट्टी म्हणजे एनोमधल्या तूर्प गावातली ब्रासरी ड्युपाँ. तिथल्या शेतावर १८४४ पासून बियर निघत होती. १९२० मध्ये आल्फ्रेड ड्युपाँ यांनी ते शेत भट्टीसकट विकत घेतले. कॅनडात जाऊन शेती करायला निघालेल्या आपल्या मुलाला, लुईला, घरी थांबवणे हा त्यांचा हेतू होता. आजची ‘सेझाँ ड्युपाँ’ ६.५ टक्के अल्कोहोलची आहे. बराच काळ ती आपल्या टापूपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नव्हती. ब्रिटिश बियर-लेखक मायकेल जॅक्सन (गायक नव्हेत, त्यांचे नामबंधू) यांच्या पुस्तकांनी आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या निर्यातीने तिला जगभर पोहोचवले. तेव्हापासून परीक्षक आणि ब्रूअर दोघेही इतर सेझाँ हिच्याशी ताडून पाहतात.

या बियरचे मर्म यीस्टमध्ये आहे. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, गरम पाण्यात भिजवला की त्यातल्या स्टार्चच्या साखरा होतात. त्यांतल्या साध्या साखरा यीस्ट खाते, पण डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळ्या नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत. त्या बियरमध्ये तशाच राहतात आणि तिला थोडा गोडवा, थोडा दाटपणा देतात. सेझाँची अनेक यीस्टे ‘डायस्टॅटिकस’ प्रकारातली असतात. त्यांच्यात एसटीए-१ हे जनुक असते, आणि त्याच्यामुळे ही यीस्टे डेक्स्ट्रिन तोडणारे एन्झाइम पेशीबाहेर सोडतात. मग एरवी उरणारी ही साखरही संपते. आकड्यांत सांगायचे तर आंबवण्यापूर्वी १.०४८ ते १.०६५ असलेली रसाची विशिष्ट घनता शेवटी १.००२ ते १.००८ पर्यंत खाली येते. पाण्याची घनता १.०००, हे लक्षात घेतले म्हणजे किती थोडे शिल्लक राहते ते कळते. याच गुणामुळे इतर बियर काढणाऱ्यांना हे यीस्ट डोईजड होते. दुसऱ्या बियरच्या बाटलीत ते चुकून शिरले तर तिथलीही उरलीसुरली साखर आंबवत राहते आणि दाब वाढून बाटली फुटू शकते.

दुसरी खासियत तापमानाची. एल प्रकारच्या बहुतेक बियर १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबवतात. सेझाँच्या भट्ट्यांत पारा ३० अंशांच्या वर जाऊ दिला जातो. अशा उष्णतेत दुसरे यीस्ट नेलपॉलिशसारखा उग्र वास सोडेल. या यीस्टातून मात्र संत्रे, लिंबू, नासपती अशा फळांची आठवण करून देणारी एस्टर नावाची संयुगे तयार होतात. माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून यीस्ट लवंगेच्या वासाचे संयुगही बनवते. म्हणजे नाकाला जाणवणारे मसाले बहुतेक वेळा भांड्यात घातलेलेच नसतात. मुंबई-पुण्याच्या मायक्रोब्रूअरीत मिळणाऱ्या बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बियरशी तुलना केली तर हा फरक चटकन ध्यानात येतो. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखर उकळलेली असते, यीस्ट मवाळ असते आणि शेवटाला दुधट गोडवा राहतो. सेझाँचा शेवट तिखटाकडे झुकलेला आणि कोरडा असतो.

तुलनेला बसताना पहिली बाटली ड्युपाँची असावी, कारण बाकीच्या कुठे आणि किती वेगळ्या पडतात ते तिच्यावरून मोजता येते. तिच्या शेजारी ब्लोझी गावच्या भट्टीची ‘सेझाँ देपोत्र’ ठेवावी. १९८८ मध्ये सुरू झालेली ही छोटी भट्टी जवाबरोबर स्पेल्ट वापरते. स्पेल्ट हा आपल्या खपलीसारखाच, मळणीनंतरही टरफल न सोडणारा जुना गहू. जात मात्र वेगळी. त्याने बियर धूसर होते, फेस टिकतो आणि चवीत कच्च्या धान्याचा किंचित ओबडधोबडपणा येतो. ‘सेझाँ सिली’ अगदी दुसऱ्या टोकाला आहे. १८५० पासून चालत आलेल्या सिली गावच्या भट्टीची ही ५ टक्क्यांची बियर तांबूस तपकिरी आणि कॅरमेलकडे झुकणारी आहे. ड्युपाँनंतर ती प्यायल्यास ‘ही कसली सेझाँ’ असे वाटते; पण तीही त्याच प्रांताची आणि हेच नाव लावून विकली जाणारी. पिपे गावची ‘ब्रासरी आ व्हापर’ ही १७८५ ची भट्टी आजही जुन्या वाफेच्या यंत्रावर चालते, आणि तिच्या सेझाँत आले, मिरी, संत्र्याची साल खरोखर पडतात. घातलेला मसाला आणि यीस्टने घडवलेला मसाला यांतला फरक शिकायला ड्युपाँ व पिपे ही जोडी फार उपयोगी. आर्देनच्या डोंगराळ भागातली ‘फान्तोम’ ८ टक्क्यांची, फळाळ आणि लहरी. एका खेपेची चव पुढच्या खेपेसारखी असेलच याचा भरवसा नाही. तिचे चाहते यालाच तिचा गुण मानतात. तुलनेच्या टेबलावर मात्र तिच्या एका बाटलीवरून निकाल देणे अन्यायाचे होईल.

सीमेपलीकडे उत्तर फ्रान्समध्ये ‘बिएर द गार्द’ नावाची चुलत बहीण आहे. १९२२ पासून चालणाऱ्या ड्युक कुटुंबाच्या भट्टीची ‘जाँलाँ’ हे तिचे सर्वांत परिचित नाव. ती थंड तापमानाला आंबवतात, म्हणून तिच्यात यीस्टचे गंध दबलेले आणि माल्टचा गोडवा पुढे असतो. एक बाटली हिची ठेवली तर सेझाँचा कोरडेपणा आपोआप उठून दिसतो.

चाखण्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. या बियर बाटलीत पुन्हा आंबवलेल्या असतात, त्यामुळे तळाशी यीस्टचा साका असतो. बाटल्या रात्रभर उभ्या ठेवल्या की तो खाली बसतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतला पहिला ग्लास स्वच्छ आणि शेवटचा गढूळ निघतो, आणि दोघांची चवही सारखी नसते. एकाने पहिला ग्लास घेतला आणि दुसऱ्याने शेवटचा, तर पुढचा सगळा वाद निरर्थक. ग्लास वरून थोडा आत वळलेला, ट्यूलिपच्या आकाराचा घ्यावा. त्याला तेलकटपणा किंवा साबण राहिला असेल तर फेस मरतो. तापमान ८ ते १२ अंश ठीक. फ्रिजमधून काढल्याबरोबर चाखलेल्या बियरमध्ये फक्त थंडपणा आणि बुडबुडे कळतात. बुचाच्या बाटल्यांत दाब बराच असतो, त्यामुळे तार सोडताना बाटलीचे तोंड माणसांपासून दूर धरलेले बरे. प्रत्येकी ७५ ते १०० मिलिलिटर पुरते. हलकीपासून कडकपर्यंत आणि स्वच्छ चवीपासून आंबट चवीपर्यंत असा क्रम ठेवावा. मध्ये साधा पाव आणि पाणी.

आधी वास, तोही ओतल्याबरोबर, कारण अत्तरासारखे हलके गंध पहिल्या मिनिटात उडून जातात. मग घोट. वाइन चाखणारे घोट थुंकतात, बियरच्या परीक्षेत तो गिळतात. गिळताना घशातून नाकाकडे जाणारी हवा बरेच गंध वर नेते आणि शेवटचा कडवटपणाही तेव्हाच पुरता उतरतो. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘कोरडी’ या शेऱ्याबाबत. साखर उरलेली नसणे हा कोरडेपणा. हॉप्समधून येतो तो कडूपणा. आणि सुपारी चघळल्यावर जीभ आखडते तसे होते तो तुरटपणा, जो बहुधा टरफलातल्या टॅनिनमुळे येतो. चांगल्या सेझाँत पहिला भरपूर, दुसरा मध्यम आणि तिसरा जवळजवळ नसतो. तिन्हींमुळे जीभ कोरडी वाटू शकते, म्हणून नवखा परीक्षक तुरट बियरला ‘छान कोरडी’ म्हणून गुण देऊन बसतो. ओळखायची खूण सोपी आहे: कोरड्या बियरनंतर पुढचा घोट घ्यावासा वाटतो, तुरट बियरनंतर पाणी.

आपल्या जिभेवर किती विश्वास ठेवायचा हे तपासायला त्रिकोणी चाचणी घ्यावी. तीन सारखे ग्लास, दोनांत एक बियर, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा. वेगळा ग्लास ओळखता आला नाही तर त्या दोन बियरमधल्या ‘सूक्ष्म फरकां’वर बोलण्यात अर्थ नाही. निरीक्षणे बोलण्यापूर्वी लिहून काढावीत, कारण एकाने ‘मिरी’ म्हटले की टेबलावरच्या सगळ्यांना मिरीच लागते.

दोष आणि स्वभाव यांची सीमारेषा या बियरमध्ये पुसट आहे, तरी काही गोष्टी निश्चित सांगता येतात. ड्युपाँ हिरव्या बाटलीसाठी ओळखली जाते, आणि हिरवी काच प्रकाश पुरेसा अडवत नाही. प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्ये तुटून एक गंधकयुक्त संयुग बनते, ज्याचा वास अमेरिकेतल्या स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीसारखा येतो. दुकानात ट्यूबलाइटखाली पडून राहिलेल्या बाटलीला तो असतोच. काहींना तो सेझाँचा अस्सल गंध वाटतो. तो निव्वळ साठवणीचा दोष आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजनने शिळी झालेली बियर. बेल्जियमहून महिनोन्महिने प्रवास करून उष्ण प्रदेशात पोहोचलेल्या बाटलीत हे दोन्ही दोष संभवतात, म्हणून तुलनेपूर्वी तारीख पाहावी. आंबटपणा आणि गवत, चामडे किंवा तबेला आठवणारा गंध यांचे मात्र तसे नाही. तो ब्रेटॅनोमायसिस या जंगली यीस्टचा आणि त्याच्या सोबतच्या जिवाणूंचा परिणाम. तो मुद्दाम आणलेला आहे की घाणीतून शिरला आहे, हे बाटलीवरच्या मजकुरावरून आणि चवीच्या तोलावरून ठरवावे लागते.

अमेरिकी ब्रूअरांनी नेमकी हीच जंगली बाजू उचलली. टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळची जेस्टर किंग भट्टी आसपासच्या रानातले यीस्ट आणि विहिरीचे पाणी वापरते. व्हरमाँटमधली, २०१० मध्ये कौटुंबिक जमिनीवर उभी राहिलेली हिल फार्मस्टेड आंबटाला सौम्य ठेवते. कॅन्सस सिटीच्या बुलव्हार्डची ‘टँक ७’ ८.५ टक्क्यांची आणि हॉप्सच्या फळाळ वासाची. तिला बेल्जियन म्हातारे सेझाँ म्हणतील का, शंकाच आहे. या बियर ड्युपाँच्या ओळीत न बसवता त्यांची बैठक स्वतंत्र ठेवणे बरे, नाहीतर आंबटानंतर साधी सेझाँ पाणचट लागते.

जंगली यीस्ट असलेली बाटली अंधाऱ्या, गार जागी ठेवली तर काही वर्षे बदलत राहते, आणि एकाच भट्टीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या एकत्र उघडणे ही वेगळीच मौज आहे. साध्या सेझाँचे तसे नाही. वर्षभराने तिचा फळांचा गंध ओसरू लागतो, हॉप्सचा कडूपणा मंदावतो आणि मधासारखी शिळी छटा येते. ताजी आणि दोन वर्षे जुनी अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर बहुतेकांची पसंती ताजीलाच पडते.