मोटार, पंखा आणि हमीचा कागद



जून महिना येतो, शाळा उघडते, मोटारीचं बटण दाबावं तर ती नुसतीच घुमते. पाणी काही टाकीत चढत नाही. लगेच मिस्त्रीला निरोप जातो. तो मोटार खोलतो, तालुक्याला नेऊन वाइंडिंग करून आणतो, आणि शाळेच्या तुटपुंज्या अनुदानाला मोठी चाट बसते. या गडबडीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ही मोटार घेतली केव्हा? तिची हमी अजून चालू आहे का?

हमी, म्हणजे दुकानदार जिला वॉरंटी म्हणतात ती, ही काही मेहरबानी नव्हे. कंपनी तिचा खर्च वस्तूच्या किमतीतच धरते. म्हणजे दुरुस्तीचे पैसे आपण एकदा मोजलेले असतात. मुदतीत बिघडलेल्या वस्तूवर पुन्हा पैसे घातले, तर एकाच कामाचे दाम दोनदा दिले असे होते.

मात्र हमी मागायला कागद लागतो. “बिलाशिवाय घ्या, थोडं स्वस्त पडेल,” असे दुकानदार म्हणाला, तर त्या थोडक्यात आपण हमीही सोडून देत असतो, हे ध्यानात ठेवा. पक्के बिल घ्या. त्यावर खरेदीची तारीख आणि वस्तूचा क्रमांक असावा; सोबत हमीपत्र असेल तर त्यावर दुकानाचा शिक्का घ्या. आजकाल यंत्रातून निघणारी गुळगुळीत बिले काही महिन्यांत कोरी पडतात, कारण ती शाईने नव्हे तर उष्णतेने छापलेली असतात. त्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटोही घ्यावा.

शाळेत डेडस्टॉक रजिस्टर असतेच. त्यात वस्तूचे नाव, किंमत, तारीख आपण लिहितो. तिथेच आणखी एक रकाना आखा: हमी केव्हा संपते. आणि पंख्याच्या मागे, मोटारीच्या पेटीच्या झाकणात रंगाने तीच तारीख घाला. गुरुजींची बदली झाली तरी भिंतीवरची तारीख बदलून जात नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मिस्त्रीला हात लावू देण्याआधी ही तारीख पाहा. बहुतेक कंपन्यांची अट असते, की बाहेरच्या माणसाने वस्तू खोलली, सील तुटले, की हमी संपली. मिस्त्री कितीही जाणता असो, त्याचा पाना लागला की कंपनीचा माणूस हात वर करतो.

हमीत सगळेच बसते असेही नाही. मोटार कोरडी चालवली, विजेचा दाब कमीजास्त होऊन कॉइल जळली, वस्तू पडून फुटली, तर खर्च बहुधा आपल्याच माथी येतो. म्हणून मोटारीला स्टार्टर नीट हवा. बदलून मिळालेल्या वस्तूला पुष्कळदा नवी मुदत मिळत नाही, जुनीतलीच उरलेली चालते. तीही रजिस्टरात नोंदवा. आणि नळाच्या चार-आठ रुपयांच्या वायसरसाठी तालुक्याला एस.टी.चे भाडे घालू नये, हे मी सांगायला नको.

शेतकरी बंधूंचेही असेच आहे. महाराष्ट्रातील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतल्या पंपाला 5 वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. तरीही काही बिघडले की गावातल्या माणसाकडून तारा सोडवून घ्याव्यात असा मोह होतो. आधी पुरवठादाराकडे तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. घरासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल कोणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावे लागते. तेव्हा “बघू पुढे” म्हणत बसू नका.

आता खुद्द इमारतीकडे वळू. पंख्यामोटारीपेक्षा मोठा पैसा इथे अडकलेला असतो, आणि लक्ष मात्र सर्वांत कमी. सरकारी बांधकामाच्या करारात दोषदायित्व कालावधी म्हणून एक मुदत असते. त्या मुदतीत स्लॅब गळला, फरशी बसली, खिडक्यांच्या चौकटी निखळल्या, आणि दोष कामाचा असला, तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यासाठी त्याची अनामत रक्कम अडकवून ठेवलेली असते. मुदत संपली की ती परत जाते. मग गळका वर्ग आपला, आणि डांबराचा खर्चही आपला. मुले पावसाळाभर व्हरांड्यात बसतात ती वेगळीच.

ही मुदत किती, हे करारातच असते. शाळा व्यवस्थापन समितीने बांधकाम विभागाकडे ती लेखी विचारावी. उत्तर न मिळाले तर 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली कराराची प्रत मागता येते. मुदत संपण्याआधीचा शेवटचा पावसाळा हातचा जाऊ देऊ नका. जोराची सर पडत असताना समितीच्या दोघातिघांनी प्रत्येक खोलीत फिरावे, ओल कुठे धरते तिथे खडूने खूण करावी, तारखेसह फोटो काढावेत. मग खोलीवार यादी करून अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली गळती कोणत्याच फायलीत सापडत नाही.