न ठोकलेले खिळे

सुताराचा खिळा लाकडात शिरतो. छापखान्यातला खिळा कशातच शिरत नाही. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेला, इंचाहून किंचित कमी उंचीचा हा तुकडा. त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. तो जुळवणारा तो खिळेजुळारी.

जुळाऱ्याशेजारी उभं राहून मी त्याचे हात न्याहाळले आहेत. डाव्या हातात ओळ भरायची पट्टी म्हणजे स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या पेटीच्या म्हणजे ‘केस’च्या खणांतून फिरत असतो, नजर मात्र हस्तलिखितावर. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला खाच असते. ती बोटाला लागली की अक्षर कसं बसवायचं ते न बघताच कळतं. ओळ डावीकडूनच भरत जाते, पण अक्षरं खाली डोकं वर पाय अशी. तो ती तशीच वाचतो.

देवनागरीने हे काम फार अवघड केलं. मुंबईच्या डिग्री पद्धतीत ओळ म्हणजे तीन मजली घर. ‘मूर्ती’ जुळवायचं तर ‘म’ आणि ‘त’ मधल्या मजल्यावर, दीर्घ उकार खाली, वेलांटीचा फरा आणि रफार वर. जिथे खाली काही नाही तिथेही कोरा तुकडा बसवावाच लागतो, नाहीतर शेजारचं अक्षर घसरतं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या ग्रंथांच्या सुबकपणाचं श्रेय आपण संपादकांना देतो; मी त्यातला मोठा वाटा अक्षरांचे साचे घडवणाऱ्या राणोजी रावजी आरू यांना देईन, आणि उरलेल्यातला बराचसा या जुळाऱ्यांना.

ओळी झाल्या की फर्मा कसायचा. लोखंडी चौकट, आत चहूबाजूंनी पट्ट्या, मग पाचरी आवळायच्या. शेकडो खिळे निव्वळ दाबावर उभे राहतात. चौकटीची एक कड जरा उचलून जुळारी तळव्याने अक्षरं दाबून बघतो. एखादा खिळा हलला तर ती ओळ पुन्हा भरायची.

छपाईनंतर शाई पुसून प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत जातो. हे काम शिकाऊ मुलाला देतात, त्यातून खण पाठ होतात. ‘घ’ आणि ‘ध’ मात्र मी पाहिलेला जुळारी स्वतःच खणांत सोडायचा. ते दोन मिसळले, तर चूक पुढच्या कामात उमटते आणि मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही सहज निसटते.