पत आणि तिची राखण

एकेकाळी माणसाची पत त्याच्या ओळखीच्या माणसांत वसत असे. वाण्याच्या दुकानी महिन्याचा किराणा वहीवर मिळे, कापडवाला सणासुदीला उधार देई. कारण दोघांनाही गिऱ्हाइकाचे घर, चेहरा आणि देण्याघेण्याची रीत ठाऊक असे. दुसऱ्याच्या नावावर उधारी करू पाहणारा लबाड पायरीवरच ओळखला जाई. आज कर्ज देणारा आपला चेहरा पाहत नाही, क्रमांक पाहतो. आणि जो क्रमांक आपल्याला सांगता येतो, तो दुसऱ्यालाही सांगता येतो. नव्या चोरीचे मूळ येथे आहे.

आपल्या देशात पतनोंदी ठेवणाऱ्या कंपन्या २००५ च्या कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतात. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या त्या चार होत. आपण कोणते कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की थकवले, हे बँका त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक अंक ठरतो, आणि नवे कर्ज देताना बँक तो पाहते. ही आपलीच खातेवही. मात्र ती लिहितात दुसरे, आणि आपण बहुधा ती उघडूनही पाहत नाही.

चोराला नेमके हेच सोयीचे पडते. पॅन क्रमांक, जन्मतारीख, आधारपत्राची प्रत आणि आपल्या नावाचे एखादे सिमकार्ड हाती आले, की तो मोबाइलवरून लहानसे कर्ज उचलू पाहतो. पैसे त्याला मिळतात, थकबाकी आपल्या नावावर चढते. स्मरणपत्रेही त्याच्याच क्रमांकावर जातात. घराचे कुलूप फुटले तर सकाळी कळते. ही चोरी मात्र मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्यावर, बँकेने नकार दिला म्हणजे कळते.

यावर पहिला उपाय म्हणजे आपली वही आपण वाचणे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा नियम आहे. कंपन्या चार, म्हणून दर तिमाहीस एकीकडून अहवाल मागवावा. वर्षभर पहारा राहतो. त्यात ‘चौकशी’चा भाग आधी वाचावा. आपल्या नावाने कोणी कर्ज मागितले, की त्या बँकेची चौकशी तेथे तारखेसह नोंदली जाते. चोराचे पहिले पाऊल बहुधा येथेच उमटते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार, कोणी आपला अहवाल पाहिल्यास कंपनीने आपल्याला संदेश पाठवायचा असतो; त्यासाठी आपला चालू मोबाइल क्रमांक बँकेकडे नोंदलेला हवा.

दुसरा उपाय कागद जपण्याचा. आधारची प्रत देणे भाग असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेली द्यावी. प्रत्येक प्रतीवर कारण व दिनांक लिहून आडवी सही करावी. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. फोनवर आलेला गुप्त आकडा तर कोणालाच सांगू नये.

एवढे करूनही परके कर्ज नावावर आढळले तर? पुष्कळ सभ्य माणसे येथे लाजतात. लोक आपल्याला कर्जबुडवे म्हणतील या भीतीने ती रक्कम गुपचूप भरून टाकतात. तसे करू नये. ते कर्ज आपलेच असल्याची कबुली दिल्यासारखे होते. कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि पतनोंद कंपनीकडे लेखी तक्रार करावी. १९३० या क्रमांकावर कळवून पोलिसांतही नोंद करावी. दुसऱ्याची ओळख चोरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क प्रमाणे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. नोंदीविषयीची तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पूर्वी आपली पत शेजारीपाजारी राखीत. आता ते राखणदार उरले नाहीत. पासबुक जसे आपण वेळोवेळी भरून आणतो आणि वाचतो, तशीच ही वहीही वाचण्याची सवय प्रत्येक घराने लावून घेतली पाहिजे.