नेसरीच्या खिंडीतले सातजण

गडहिंग्लजहून चंदगडकडे निघालेली एस.टी. नेसरीला थांबते, तेव्हा खिडकीतून चारचौघांसारखेच एक गाव दिसते. भाताची खाचरे, उसाचे फड, मागे डोंगर. पण या गावाचे नाव घेताच मराठी माणसाचा ऊर भरून येतो, तो एका दिवसामुळे. २४ फेब्रुवारी १६७४. त्या दिवशी महाशिवरात्र होती, असे सांगतात.

आदल्याच वर्षी, १६७३ मध्ये, जतजवळच्या उमराणीला सरनोबत प्रतापराव गुजर यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचे पाणी तोडले आणि तो शरण येताच त्याला सोडून दिले. खान पुन्हा उलटला. शिवाजीमहाराजांनी कठोर शब्दांत जाब विचारला. खानाचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा निरोप गेल्याचे सांगतात. तो सरनोबतांच्या जिव्हारी लागला. खान नेसरीजवळ असल्याचे कळताच फौजेसाठी न थांबता ते सहा स्वारांनिशी तुटून पडले. सातांपैकी एकही परतला नाही.

ही नुसती दंतकथा नव्हे. इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी याच्या एप्रिल १६७४ मधल्या पत्रात, दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह पडल्याची नोंद आहे. त्या सहांची नावे मात्र आपण घेतो, ती मागाहूनच्या परंपरेतून. सात हा आकडा घराघरांत पोचवला, तो कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि लताबाईंच्या स्वराने.

युद्धशास्त्राच्या हिशेबाने हा अविचारच. सेनापतीने असे मरायचे नसते. त्याच्यामागे फौज पोरकी होते. हे महाराजांहून अधिक कोण जाणणार? त्यांनी हंसाजी मोहित्यांना हंबीरराव हा किताब देऊन सरनोबती सोपवली. अवघ्या साडेतीन महिन्यांत, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. साल्हेर गाजवणारा सरनोबत तो सोहळा पाहायला उरला नव्हता.

पुढे १६८० मध्ये महाराजांनी धाकट्या राजारामाचे लग्न लावले. नवरी होती जानकीबाई, प्रतापरावांची लेक. महिनाभरात महाराजांनीही डोळे मिटले. रागाच्या भरात गेलेला शब्द परत घेता येत नाही. पण ज्याला तो लागला, त्याची लेक सून म्हणून घरात आणता येते. नेसरीच्या खिंडीत उभे राहिले की सात घोड्यांच्या टापा सगळ्यांनाच आठवतात. त्या धाकट्या सुनेचीही आठवण यावी.