आधी विद्यापीठ बघा, मग कॉलेज

मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला राहते. मराठी मंडळात पालक विचारतात, "ताई, मुलीला बिझनेस इकॉनॉमिक्स करायचंय. कम्युनिटी कॉलेजला घालू का?" जरूर घाला. राज्याच्या रहिवाशांना तिथे युनिटमागे 46 डॉलर पडतात. असोसिएट पदवीची 60 युनिट्स म्हणजे 2,760 डॉलर, पुस्तकं वेगळी.

पण घराजवळ आहे एवढ्यावरच कॉलेज घेऊ नका. दोन वर्षांनी मुलीला कुठे जायचंय ते आधी ठरवा. मग 'असिस्ट' ही राज्याची अधिकृत यादी उघडा. कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात धरतात, ते तिथे समोरासमोर मांडलेलं असतं. भाचीबरोबर मी एकेक ओळ तपासली. मायक्रो आणि मॅक्रोचं फारसं अडत नाही. खरी गोम कॅल्क्युलसची. सोपा 'बिझनेस कॅल्क्युलस' काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी मुळीच नाही. हे पहिल्याच सत्रात कळायला हवं.

हमीचंही नीट समजून घ्या. ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट पदवी घेतली की कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) जागा नक्की, मात्र हव्या त्याच कॅम्पसमध्ये नाही. यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, सहा कॅम्पस अटींवर प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

शेवटी कॉलेजकडून गेल्या वर्षाचं वेळापत्रक मागा. भाची दिवसा दुकानात काम करते. कॅल्क्युलसचा दुसरा भाग संध्याकाळी नव्हता, म्हणून आम्ही एक चांगलं कॉलेज सोडलं.